सेलरीचे बी पोळ्याच्या सुमारास पेरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की नागपुरातल्या बियाण्यांच्या दुकानांत सेलरीची पाकिटे दिसू लागतात. अंगणात किंवा गच्चीवर भाजीपाला लावणारी मंडळी ती हौसेने नेतात, नोव्हेंबरात पेरतात, आणि फेब्रुवारी संपत आला तरी कुंडीत बोटभर रोपांपलीकडे काही दिसत नाही. मार्चच्या उन्हात तीही जातात. मग नागपूरच्या हवेत सेलरी होतच नाही, असे ठरवून लोक मोकळे होतात. हवेला दोष देण्याआधी पेरणीची तारीख तपासावी.

सेलरी फार संथ वाढते. पेरल्यापासून बाहेरचे पहिले दांडे खुडायला साधारण साडेचार महिने आणि पूर्ण झाड भरायला साडेपाच महिने लागतात. तिला मानवणारी हवा, म्हणजे दिवसा २८-३० अंशांच्या आत आणि रात्री १२ ते १६ अंश, नागपुरात नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच मिळते. हे तीन महिने झाड जमिनीत हवे. त्याआधीचे अडीच महिने रोपवाटिकेचे, ते पावसाळ्याच्या शेवटी घरातच काढावे लागतात. म्हणून पेरणी पोळ्यापासून गणपती उठेपर्यंत, रोपांची लागण दिवाळीनंतर आणि काढणी महाशिवरात्रीपर्यंत, असा हिशेब नागपूरला जमतो. पाकिटामागे 'वसंतात पेरा' असे छापलेले असते, ते थंड देशांसाठी. पोळ्याची तिथी पुढेमागे होते, तेव्हा इंग्रजी तारखेनेच चालायचे तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरची २० तारीख धरावी. ऑक्टोबर उजाडल्यावर पेरायचे असेल तर जाड दांड्यांची आशा सोडून पानांची सेलरी लावावी.

आता बी. दांड्यांसाठी 'युटा' गटातल्या हिरव्या जाती बऱ्या. 'गोल्डन सेल्फ ब्लांचिंग'सारख्या पिवळट जाती दिसायला देखण्या असल्या तरी उन्हाला लवकर हार खातात. आमच्या मते पहिल्या वर्षी नागपूरकरांनी पानांची सेलरी लावावी. चायनीज सेलरी म्हणतात तीच. दांडे पेन्सिलीएवढे बारीक, वास मात्र तिखट, उष्णता जास्त सोसते आणि महिनाभर आधी हाताशी येते. सूप, फ्राइड राइस यांना तीच पुरते. काष्ठौषधींच्या दुकानातला अजमोदा आणून पेरू नये. त्या नावाखाली बरेचदा वेगळ्याच वनस्पतीचे बी मिळते, आणि खरे सेलरीचे असले तरी ते मसाल्याच्या जातीचे असते. भाजीवाल्याकडच्या जुडीचा बुंधा पाण्यात ठेवून झाड धरण्याची युक्ती सध्या फार फिरते. त्यातून मूठभर पाला निघतो, भरलेले दांडे नव्हेत.

पाकीट घेताना तपासणीची तारीख वाचावी. भाजीपाल्याच्या बियाण्याला तपासणीपासून नऊ महिन्यांची मुदत असते. सेलरीचे बी थंड, कोरड्या जागी तीनेक वर्षे टिकते खरे, पण दुकानाच्या पत्र्याखाली नागपूरचा एक मे महिना काढलेल्या बियांचा भरवसा धरू नये. बी रंगीत असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेले आहे असे समजावे; हाताळल्यावर हात धुवावेत आणि उरलेले बी स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये. हे बी अतिशय बारीक असते, एका ग्रॅममध्ये दोन हजारांहून अधिक दाणे भरतात. घरच्या बारा-पंधरा झाडांसाठी एक चिमूट रग्गड झाली.

बहुतेकांचे घोडे उगवणीतच अडते. सेलरीच्या बियांत उगवण रोखणारी द्रव्ये असतात आणि हवा २५ अंशांच्या वर गेली की बी झोपून राहते. शिवाय त्याला उजेड लागतो. हवा जितकी गरम, तितकी उजेडाची गरज जास्त. म्हणजे सांबाराचे (कोथिंबिरीचे) धणे रगडून मातीत पुरतो तसे सेलरीचे बी पुरले, तर सप्टेंबरात एकही कोंब वर येणार नाही.

म्हणून आधी बी साध्या पाण्यात चोवीस तास भिजवावे, मध्ये दोनदा पाणी बदलावे. मग मलमलीच्या ओल्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधून, झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार-पाच दिवस ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको. रोज एकदा डबा उघडून वारा द्यावा आणि फडके ओले आहे ना ते पाहावे, कारण भिजलेले बी एकदा सुकले की गेले. पेरायच्या दिवशी बी कागदावर अर्धा तास पसरून वरचे पाणी तेवढे जाऊ द्यावे आणि दोन चमचे कोरड्या, चाळलेल्या रेतीत मिसळावे. रेतीमुळे बी एका जागी पडत नाही आणि कुठे पडले तेही दिसते.

ट्रे दोन-अडीच इंच खोल आणि तळाला भोके असलेला घ्यावा. त्यात दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग बारीक चाळणीने चाळलेले गांडूळखत आणि अर्धा भाग कन्हान नदीची धुतलेली रेती घालावी. कोकोपीट वापरण्याआधी दोनदा भरपूर पाण्यात भिजवून पिळावे, त्यात क्षार असतात. किलोभर मिश्रणाला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळल्यास पुढे रोपे कोलमडण्याचे प्रमाण घटते. ट्रे भरून, फळीने हलके दाबून सपाट करावा आणि परातीतल्या बोटभर पाण्यात ठेवून खालून ओला होऊ द्यावा. वरची माती गडद दिसली की बाहेर काढून रेतीतले बी भुरभुरावे, पुन्हा फळीने दाबावे आणि तसेच उघडे सोडावे. फार तर चाळणीतून कोकोपीटची धूळ उडवावी, बी दिसेनासे होईल इतकी नव्हे. वरून झारीने पाणी घालू नये, सगळे बी एका कोपऱ्यात वाहून जाते. मुंग्यांचा त्रास असेल तर ट्रे विटेवर आणि वीट पाण्याच्या परातीत ठेवावी.

प्रश्न थंडाव्याचा. सप्टेंबरात नागपूरची रात्र २३-२४ अंशांची असते आणि हवेत ओल असल्याने कूलरचाही उपयोग होत नाही. थर्माकोलच्या झाकणाच्या खोक्यात रात्री ट्रे ठेवून शेजारी बर्फ झालेली पाण्याची एक-दोन लिटरची बाटली उभी करावी. बाटली ट्रेला टेकू देऊ नये. खोक्यात साध्या थर्मामीटरवर १८-२० अंश दिसले की पुरे. सकाळी ट्रे काढून उत्तरेकडच्या खिडकीत उजेडात ठेवावा, दिवसा हवा २८-३० झाली तरी चालते. रात्रीचा थंडावा आणि दिवसाची ऊब ही आलटापालट सेलरीच्या उगवणीला उलट पोषकच ठरते. ज्यांच्या घरी रात्री एसी चालतो त्यांनी खोक्याच्या भानगडीत न पडता ट्रे त्या खोलीत ठेवावा. ट्रेवर प्लास्टिकचा कागद सैल अंथरावा, पण तो ट्रे थेट उन्हात नेऊ नये. झाकलेल्या ट्रेत तासाभरात हवा ४० अंशांवर जाते आणि बी शिजते.

चौदा ते एकवीस दिवसांत दोऱ्यासारखे कोंब दिसतात. एकविसाव्या दिवशीही काही दिसले नाही तरी ट्रे ओतून टाकण्याची घाई नको, आणखी आठवडा थांबावे. निम्मे कोंब आले की प्लास्टिक काढावे आणि सकाळचे आठपर्यंतचे कोवळे ऊन द्यावे. पाणी अजूनही परातीतूनच. रोपे बुडाशी पाणचट होऊन आडवी पडू लागली तर पाणी जास्त झाले आणि वारा कमी पडला असे समजावे. आडवी पडलेली काढून टाकावीत, मातीचा वरचा पापुद्रा सुकू द्यावा आणि पुढचे पाणी एक दिवस लांबवावे.

पहिल्या महिन्यात रोप इंचभरही वाढत नाही. हे नेहमीचेच आहे. या काळात खत वाढवणारे रोपे जाळतात. दोन खरी पाने आल्यावरच आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले) विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, किंवा दहापट पातळ केलेले गांडूळपाणी द्यावे. त्या सुमारास विरळणी करून रोपे कागदी पेल्यात किंवा प्रो-ट्रेमध्ये (रोपांसाठीच्या खणांच्या ट्रेमध्ये) एकेक करून हलवावीत. उचलताना पान धरावे, देठ धरू नये. देठ चिमटला तर रोप जाते, पान फाटले तर दुसरे येते. मधला कोंब मातीखाली दाबला जाऊ नये एवढी काळजी घेतली म्हणजे झाले.

मातीबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण आपली काळी माती सेलरीला एका बाजूने सोयीची आणि दुसऱ्या बाजूने वैरीण. ओल धरून ठेवते, हा तिचा गुण. पण ती चिकट, चुनखडीयुक्त आणि सुकली की भेगाळणारी. सेलरी मूळची पाणथळ जागची, तिची मुळे वरच्या सहा-आठ इंचांतच पसरतात आणि भेग पडली की नेमकी तीच तुटतात. वाफ्यात लावायची असेल तर एक फूट खोल खणून प्रत्येक चौरस मीटरला पाच-सहा किलो चांगले कुजलेले शेणखत, दोन घमेली रेती आणि शंभर ग्रॅम निंबोळी ढेप मिसळावी. कच्चे शेणखत नको, त्यातून हुमणी येते. कुंडीसाठी चार भाग माती, तीन भाग शेणखत किंवा कंपोस्ट, दोन भाग कोकोपीट, एक भाग रेती. झाडामागे बारा इंचांची ग्रो-बॅग हवी. काळ्या प्लास्टिकच्या बॅगा गच्चीवर तापतात, त्यांना बाहेरून ओला बारदाना गुंडाळावा.

रोपे चार-पाच इंचांची आणि पाच-सहा पानांची झाली की, साधारण नोव्हेंबरच्या मध्याला, संध्याकाळी लावावीत. त्याआधी आठवडाभर रोज थोडा वेळ उन्हात काढून ती सरावाची करावीत. दोन रोपांत नऊ-दहा इंच अंतर ठेवावे. ओळींपेक्षा चौकोनात लावलेली बरी, झाडे एकमेकांवर सावली धरतात आणि आतले दांडे आपोआप फिके, कोवळे राहतात. लावल्याबरोबर सोयाबीनचे कुटार किंवा धानाचे तणस दोन इंच जाड पसरावे, कोंबापासून बोटभर लांब. कोरड्या पाल्यानेही काम भागते.

यापुढचा सगळा खेळ पाण्याचा. सेलरीला जास्त पाणी लागते हे सगळे जाणतात. ते रोज सारखे लागते, हे मात्र विसरतात. बारा इंचांच्या बॅगेला डिसेंबरात रोज सुमारे एक लिटर, फेब्रुवारीत सकाळ-संध्याकाळ मिळून दोन लिटरपर्यंत. मोजमापापेक्षा बोटाची परीक्षा खरी. बोटाचे एक पेर मातीत घालून कोरडे लागले तर पाणी द्यायला उशीर झाला. दोन दिवस गावाला गेलात आणि परतल्यावर बादलीभर ओतलेत, तर वरून झाड टवटवीत दिसेल, पण नुकसान होऊन गेलेले असते. दांडे आतून भेंडासारखे पोकळ आणि बाहेरून चिवट, दोरेदार होतात, आणि ते पुन्हा भरत नाहीत. कुंड्यांखाली थाळ्या ठेवून त्यांत पाणी साचवणे हाही उपाय नव्हे. मुळे गुदमरतात.

मधली कोवळी पाने टोकाकडून करपून कोंब काळा पडला तर तो कॅल्शियमच्या कमतरतेचा विकार. हे वाचून कुणी चुना टाकायला धावेल, पण आपल्या मातीत कॅल्शियम हवे तेवढे आहे. पाण्याच्या ओढाताणीत ते कोवळ्या कोंबापर्यंत पोहोचत नाही एवढेच. पाणी सुरळीत करावे, युरिया थांबवावा आणि फार वाटले तर कॅल्शियम नायट्रेट लिटरला पाच ग्रॅम मिसळून थेट कोंबावर आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारावे. चुना टाकल्यास माती आणखी अल्कधर्मी होऊन लोह आणि बोरॉन दोन्ही अडतील.

बोरॉन कमी पडले की दांड्यांना आडव्या तपकिरी चिरा पडतात आणि त्यांच्या कडा बाहेर वळतात. एक ग्रॅम बोरॅक्स एक लिटर पाण्यात विरघळवून पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारे, त्याहून जास्त नाही. बोरॉनची कमी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फरक थोडाच असतो. पाने पिवळी पडली तर कोणती ते आधी पाहावे. खालची जुनी पाने सरसकट पिवळी असतील तर नत्राची भूक आहे. वरची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची. बोअरच्या जड पाण्यावर वाढवलेल्या कुंड्यांत हे दुसरे दुखणे फार दिसते, कुंडीच्या कडेला पांढरी पुटे चढलेली असतातच. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम फवारावे आणि जमेल तेव्हा नळाचे पाणी द्यावे.

नत्र मात्र सेलरी मागून घेते. लागणीनंतर तीन आठवड्यांनी आणि पुढे दर तीन आठवड्यांनी चौरस मीटरला दहा ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून बुडाशी द्यावा, कुंडीला दोन ग्रॅम पुरे. रासायनिक खत नको असेल तर शंभर ग्रॅम शेंगदाण्याची ढेप दोन लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, दहापट पातळ करून, गाळून घालावी. वास येतो, बाल्कनीत करणार असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेले बरे.

किडींचा फारसा जाच नाही. मावा जानेवारीत हटकून येतो. पाण्याचा जोरदार फवारा मारून तो पाडावा, नाहीच आटोपला तर निंबोळी तेल लिटरला पाच मिलि आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारावे. पानांत पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या की नागअळी, ती पाने तोडून टाकावीत. फेब्रुवारीत पानामागे बारीक जाळी आणि ठिपके दिसले तर लाल कोळी. कोरड्या हवेतली ही कीड पाण्याने पानांची मागची बाजू धुतल्यास आवरते.

नागपूरची थंडी सेलरीला सोसते, पण ती लांबली तर झाड फुलावर जाते. हे दोन वर्षांचे पीक आहे. रात्री दहा-बारा अंशांखाली सलग दहा-पंधरा दिवस गेले की हिवाळा संपला असे समजून ते पुढे दांडा काढते. २०१८च्या डिसेंबरअखेर शहराचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, त्यामुळे थंडीच्या लाटेची बातमी आली की कुंड्या भिंतीकडेला सरकवाव्यात, वाफ्यावर रात्री ग्रीन नेट किंवा जुनी चादर टाकावी. मधून गोल, भरीव दांडा वर येऊ लागला तर तो खुडून उपयोग नाही. झाड त्याच दिवशी कापून वापरावे, पुढे सगळे कडू होते.

जानेवारीच्या मध्यापासून बाहेरचे दोन-तीन दांडे बुडापासून धारदार सुरीने घेत राहावे. ओढू नयेत, मुळे हलतात. सकाळी कापलेले दांडे कुरकुरीत राहतात. लगेच गार पाण्यात बुडवून, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले तर आठवडाभर टिकतात. दांडे पांढरे करण्यासाठी माती चढवण्याची परदेशी रीत काळ्या मातीत करू नये, पाणी मुरून दांडे सडतात आणि कितीही धुतले तरी दाताखाली कचकच लागते. फारच हौस असेल तर वर्तमानपत्राचे तीन थर सैल गुंडाळून, शेंडा उघडा ठेवून दहा-बारा दिवस थांबावे. आम्हाला हिरवी सेलरीच चवीला सरस वाटते. बाजारातल्या जाड, पाणीदार दांड्यांशी घरच्या दांड्यांची तुलना करू नये, घरचे दांडे बोटाएवढे झाले तरी आपल्या हवेत ते उत्तम पीक. चव दुप्पट असते, म्हणून सूपमध्ये निम्मेच घालावे. पाला फेकू नये, पण सांबाराच्या हाताने भुरभुरूही नये, पदार्थ कडवट होतो.

एक सावधगिरी. सेलरीच्या रसात काही द्रव्ये अशी असतात की तो रस त्वचेला लागून वर ऊन पडले तर चट्टे, प्रसंगी फोड येतात. कीडलेल्या, बुरशी आलेल्या झाडात ती अधिक असतात. काढणी सकाळी लवकर, पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत करावी आणि हात साबणाने धुवावेत. सेलरीची ॲलर्जीही काहींना असते. लहान मुलांना पहिल्यांदा देताना थोडीच द्यावी.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून ५० टक्के सावलीचे ग्रीन नेट दुपारपुरते ओढावे. त्याने दोन-तीन आठवडे पदरात पडतात. पारा ३५च्या पुढे गेला की झाडे सांभाळण्यात अर्थ नाही, सगळी कापून पाला सावलीत सुकवून ठेवावा.

शेवटी दुकानदार आणि नर्सरीचालकांना विनंती: सेलरीचे बी ऑगस्टच्या मध्यालाच विक्रीला ठेवावे आणि ते आतल्या, थंड जागी ठेवावे. नोव्हेंबरात ज्यांना लागवड करायची आहे त्यांना बियांचे पाकीट विकण्याऐवजी प्रो-ट्रेमधली तयार रोपे द्यावीत. त्यांना ती बियांपेक्षा महाग पडली तरी परवडतील. आपल्या पुरवणीत बागकामाचे वेळापत्रक येते, त्यातही सेलरीची पेरणी 'ऑक्टोबर-नोव्हेंबर' ऐवजी 'ऑगस्टअखेर ते २० सप्टेंबर' अशी छापावी, ही आपल्याला विनंती.

आपले,
अंगणात व गच्चीवर भाजीपाला पिकवणारे काही वाचक,
नागपूर